लॅपटॉपला पाजलेलं तेल

गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत. नवरा गेला तेव्हा त्याचं शिवणकामाचं दुकान बंद कर म्हणून सांगायला नातेवाइकांची रीघ लागली होती. बाईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कुलूप उघडून मशीनवर बसली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे गणवेश, पडदे, गाद्यांच्या खोळी, येईल ते शिवत तिने मुलगा मोठा केला.

तेलावर तिचा फार विश्वास. काम संपलं की ब्रशने मशीनमधली धाग्यांची लव काढायची आणि डबीच्या लांब नळीतून थेंब थेंब तेल सोडायचं. कुरकुरणारी वस्तू तिला सहनच होत नसे. बिजागऱ्या, शेजाऱ्यांचं फाटक, पोस्टमनची सायकल, सगळ्यांनी तिच्या हातचं तेल खाल्लं होतं.

"आई, मी जास्त बोललो तर माझ्याही तोंडात सोडशील," मुलगा म्हणायचा.

"तू कुरकुर कमी कर, वेळच येणार नाही."

सून कापडावरची डिझाइनं काढायची. नोकरी सोडून ती याच खोलीत, कापड बेतायच्या टेबलाच्या एका टोकाला, लॅपटॉप उघडून बसू लागली होती. वर्षभर स्वतःचं काम करून बघायचं, नाही जमलं तर नवरा-बायकोने दुसऱ्या शहरात जायचं असं ठरलं होतं. तिथली नोकरी तिची वाटच बघत होती. "जा की, मला काय एकटीची सवय आहे," असं सासू तोंडाने म्हणे. आतून तिचा जीव टांगणीला लागला होता. पोरीच्या येण्याने खोलीत बोलणं आलं होतं, हसणं आलं होतं. ते जाऊ नये असं तिला फार फार वाटे.

वर्ष सरत आलं आणि एका नाट्यगृहाचं काम चालून आलं. रंगमंचाच्या पडद्याचं डिझाइन संध्याकाळी दाखवायचं होतं. नेमका त्याच सकाळी लॅपटॉप इस्त्रीसारखा तापला आणि फटकन बंद पडला. मग काही केल्या सुरू होईना. डिझाइन त्याच्या पोटात, दुसरीकडे कुठेच नाही.

सुनेने चार्जर बदलला. बटण बराच वेळ दाबून धरलं. थंड होऊ दिला, पुन्हा दाबलं. दिवा लागायचा, एक टूं आवाज यायचा आणि अंधार.

"माझंच चुकलं," ती डोळे पुसत म्हणाली. "रात्रंदिवस राबवला त्याला. एवढंही मला सांभाळता येत नाही. आई, मी नोकरीला हो म्हणून कळवते."

सासूच्या डोळ्यांपुढे तेलाची डबी आली. चोराच्या मनात चांदणं. चार दिवसांपूर्वी लॅपटॉपमधून घरघर ऐकू आली होती, आणि सून आंघोळीला गेलेली बघून बाईने बाजूच्या फटीतून तेल सोडलं होतं. घरघर थांबली म्हणून ती स्वतःवर खूशही झाली होती. आता मूग गिळून बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण पोर स्वतःला दोष देत होती, आणि ते तिला बघवेना.

"तुझं काही चुकलं नाही. मी त्याला तेल पाजलं."

"तेल? लॅपटॉपला?"

"कुरकुरत होता गं."

सून रागावली. चांगलीच रागावली. "विचारायचं तरी होतंत!" म्हणाली आणि उठून खिडकीपाशी गेली. बाईने मान खाली घातली.

थोड्या वेळाने सून आपणहून परत आली. "मशीनचा बारीक पेचकस द्या," म्हणाली. तिने लॅपटॉप पालथा घालून खालचं झाकण काढलं, बॅटरीची वायर सोडवली. आतला छोटा पंखा दिसेचना. वर्षभराच्या कापडाच्या लवेवर तेल बसून त्याचा चक्क नमदा, घोंगडीसारखा जाड थर झाला होता. पंखा अडकला की आतले भाग जळून जाऊ नयेत म्हणून लॅपटॉप सुरूच होत नाही, हे तिने फोनवर वाचून सासूला सांगितलं.

"म्हणजे बिचारा शहाणाच आहे," सासू पुटपुटली.

सुनेने पंख्याचं पातं धरून ठेवलं. सासूने चिमट्याने लव ओढून काढली, ब्रश फिरवला, काडीवर कापूस गुंडाळून स्पिरिटने तेल पुसलं. स्पिरिट पुरतं वाळल्यावर सुनेने झाकण लावलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीनवर लाल-सोनेरी वेलबुट्टी उमटली.

संध्याकाळी नाट्यगृहाच्या व्यवस्थापिकाबाईंना डिझाइन आवडलं, पण त्यांनी रंग बदलून मागितले. काम पक्कं की नाही, ते पुढच्या आठवड्यात कळणार होतं. फोन ठेवून सून टेबलाकडे बघत राहिली.

"आई, इथे लव फार उडते. मला त्या खिडकीखाली वेगळं टेबल करून घ्यायचंय. चांगलं मजबूत, भिंतीत ठोकलेलं. चालेल?"

बाईने गळ्यातली टेप काढली आणि खिडकीखालची भिंत मापायला सुरुवात केली.