दस्तगीरची बोटं

आमची पलटण तेव्हा उत्तरेत, बर्फातल्या चौकीवर होती. मी हवालदार, उचगावचा. नेसरीचा नाईक दस्तगीर मुल्ला माझा बडी, म्हणजे जोडीदार. ड्यूटी एकत्र, जेवण एकत्र, आणि रोज संध्याकाळी एकमेकांची बोटं तपासायची. हिमदंश झालेलं बोट पांढरं पडतं, कडक होतं, दाबलं तरी कळत नाही. असं बोट दिसलं की रिपोर्ट करायचा आणि माणूस खाली पाठवायचा. तसा हुकूमच होता.

वेल्फेअरच्या सामानातून एक गिटार आली. भरतीआधी मी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात वाजवायचो. दस्तगीर मागे लागला.

"मर्दा, मला शिकीव की. बायको म्हणती, तुला शिट्टीबी धड येत न्हाय."

बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, उबेला शिकवणी सुरू झाली. डाव्या हाताची बोटं फ्रेटच्या, म्हणजे दांड्यावरच्या पट्टीच्या, लगत, अंगठा दांड्यामागे. आधी एक कॉर्ड, मग दुसरी, मग अदलाबदल. तारा पोलादी. त्याची बोटं सोलली.

"तार हाय का ब्लेड?"

"घट्टे पडू देत. बोटं बधिर झाली की समज, हात तयार झाला."

एका संध्याकाळी तपासणीत त्यानं डावा हात पुढं केला. "बघ की, कायच लागंना. टोकं पांढरी पडल्यात."

मी दाबली. कडक होती. मी हसलो. "झालास की वादक." आणि सुभेदारसाहेबांना ओरडून सांगितलं, "मुल्ला ओके."

दुसऱ्या दिवशी सकाळी गस्तीची तुकडी निघाली. उतारावर रोप, म्हणजे दोर, लावलेला होता. गाठ आली की कमरेचा हुक काढून पुढच्या रोपात अडकवायचा. दस्तगीरनं हुक काढला. डाव्या हाताची बोटं पुढचा रोप धरेनात. तेवढ्यात पाय घसरला.

मी वायरलेसवर सांगितलं, "कंट्रोल, एक जवान नीचे गया. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"नाईक मुल्ला. ओव्हर."

मृतदेहाची बोटं पाहून डॉक्टरांनी हिमदंश सांगितला. चौकशीत साहेबांनी विचारलं, "बडीनं तपासली नव्हती?"

मी म्हणालो, "त्यानं लपवली असणार, साहेब."

यंदा नेसरीत त्याच्या नावाची पाटी लागली. कार्यक्रमात एक पाहुणा माईकवर गरजला, "जखम लपवून ड्यूटी केली, असा हा वाघ." टाळ्या पडल्या. त्याची गचांडी धरावीशी वाटली. मेलेल्या माणसाला खोटं चिकटवायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या. पण तो बोलत होता ती माझीच जबानी होती. मी माईक हिसकावला.

"बंद करा हे. त्यानं लपवलं न्हाय. मला दाखवलं. ओके मी म्हणालो, आणि चौकशीत खोटं मीच बोललो."

आयोजक कानाशी आला. "बसा की आता. पावणं काय म्हणतील?"

"पावण्यांना चहा पाज आणि गप बस."

पहिल्या रांगेत शमशादभाभी होत्या, दस्तगीरची बायको. त्या उठल्या.

"पोरगी कडंवर हुती, आन् ह्यानं दुखणं लपवलं, म्हणून आजवर मी त्येला शिव्या घातल्या. कबरीवर गेले तरी भांडूनच आले. आता त्येची माफी कशी मागू?"

त्या तशाच कब्रस्तानाकडं निघाल्या. मी मागोमाग गेलो. फाटकाशी त्या वळल्या.

"तुमी यायचं न्हाय."

मी बाहेर थांबलो. आत नाईक दस्तगीर मुल्ला आहे. त्यानं काहीही लपवलं नव्हतं. त्यानं हात पुढं केला होता.