आंबट मावशीचे कान

"कान नाहीतच त्या बाईला! कढईच्या कड्या आहेत दोन्ही बाजूंना लावलेल्या!" पोन्सोने सुक्या माशाचं शेपूट ताटलीत आपटलं. "आणि तू म्हणतेस तिचं बरोबर आहे?"

"सगळं बरोबर आहे असं नाही म्हटलं," दोराय म्हणाली. "थोडंसं असेल, एवढंच म्हटलं. आणि हळू बोल. निंग आत्ता कुठे कामावरून येऊन आडवी झालीय."

"थोडंसं? हे ऐक." पोन्सोने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोन लांब धरून वाचायला लागला. "'चौघं वाजवतात, पण कुणी कुणाकडे बघत नाही. एका घरात राहून वेगवेगळ्या वेळी जेवणाऱ्या माणसांसारखं वाटतं.' काय संबंध? तो बँड आहे का खानावळ?"

"भात गार होतोय तुझा."

"अकरा वर्षांनी अल्बम आला, अकरा वर्षांनी! आणि ही भवानी नाक मुरडते. एकदा समोर येऊ दे. तिचे शब्द तिलाच गिळायला लावतो, व्हिनेगरमध्ये बुडवून."

दोरायने व्हिनेगरची बाटली त्याच्यापुढे सरकवली आणि तोंड फिरवून भांडी आवरायला घेतली, कारण तिला हसू आवरत नव्हतं. ते शब्द तिनेच लिहिले होते. शुक्रवारी, काउंटरमागे, मूग शिजत असताना.

मारिकिना शहरात नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत दोराय माकारायेगची खानावळ आहे. काउंटरवर ओळीने आठ पातेली. गिऱ्हाईक झाकण उचलतं, आत बघतं, बोट दाखवतं. समोरच्या कारखान्यातले बूट शिवणारे सगळे इथेच जेवतात, आणि दोराय त्यांच्याकडे पाठ करूनही सांगते, "रामिल, तिसरं पातेलं संपलंय, पाचवं बघ." झाकणाच्या आवाजावरून तिला पातेल्यात किती उरलंय ते कळतं, आणि कुणी उचललं तेही कळतं. असले तिचे कान. नवरा समोरच्या कारखान्यात तळवे चिकटवतो. त्याच्या कानांबद्दल न बोललेलं बरं.

तरीही दोघांना एकत्र आणलं ते कानांनीच. येरोंग बुतास, म्हणजे भोकं पडलेला पत्रा, हे त्या बँडचं नाव. त्यामुळे त्याचे चाहते स्वतःला गळके म्हणवतात. शहाण्णव साली गळक्यांची संघटना निघाली तेव्हा सगळ्यांच्यात टेलिफोन फक्त दोरायच्या घरी होता, म्हणून अध्यक्ष दोराय. पोन्सो फोन करायला म्हणून यायचा आणि कुणालाच फोन न करता दोन तास बसायचा. शेवटी दोरायच्या वडिलांनी विचारलं, "ह्याचं नक्की कुणाशी बोलायचं राहिलंय?" पुढच्या वर्षी लग्न झालं. टेलिफोन गेला, खानावळ आली, संघटना फोनवरच्या गटात शिरली आणि एक्केचाळीस हजारांची झाली. अध्यक्ष मात्र दोरायच राहिली. दुसरं कुणी ते काम मागितलंच नाही.

'अंतिपारा' हा नवा अल्बम आला त्या दिवशी गटात नुसता पूर आला. अंतिपारा म्हणजे जुन्या लोकांच्या बोलीत चष्मा. दहा गाणी, आणि सगळी गुडघे, गोळ्यांची डबी, हरवलेल्या किल्ल्या असल्या विषयांवर. दुबईच्या एका टॅक्सीवाल्याने लिहिलं की गाडी बाजूला घेऊन रडलो, आणि मीटर चालूच राहिला म्हणून गिऱ्हाईकही रडलं. सेबूच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं की तिसरं गाणं लावलं की पेशंटला इंजेक्शन लागत नाही, आपोआप झोपतो. ही स्तुती आहे का, ते कुणालाच कळलं नाही. एकाने हिशेब मांडला: "अकरा वर्षांत मी प्रेमात पडलो, लग्न केलं, वेगळा झालो, आणि ह्यांची गाणी किती? दहा." कुणाचा तरी वीस वर्षांचा पोरगा मध्येच घुसून म्हणाला, "छान आहे, आमच्या आजीला पाठवलं." त्याला दोनशे गळक्यांनी शिव्या घातल्या. पोन्सो चौथ्या गाण्याला दोनदा रडला आणि तसं त्याने जाहीरही केलं.

दोरायने अल्बम तीनदा ऐकला आणि तिला तो रिकाम्या पातेल्यावरच्या झाकणासारखा वाजला.

पण बोलायचं कसं? बँडचा ड्रमर ताचो हा त्यांच्या पोरीचा, निंगचा, निनोंग होता, धर्मपिता. सव्वीस वर्षांपूर्वी एका जत्रेत, स्टेजच्या मागे, तो घामाने निथळत असताना दोरायने त्याला गाठून बाप्तिस्म्याचं आमंत्रण दिलं होतं. असल्या आमंत्रणाला नाही म्हणत नाहीत. तेव्हापासून बाप्तिस्म्याच्या नात्याने तो पोन्सोचा कुम्पारे आणि दोराय त्याची कुमारे. कुम्पारेला माणूस पैसे मागू शकतो, त्याच्या ताटातलं उचलून खाऊ शकतो, नाताळात भेट द्यावी लागू नये म्हणून तो दडून बसला तर पोरीला मागच्या दाराने आत सोडू शकतो. चारचौघांत त्याचं काम वाईट म्हणू शकत नाही. तसं म्हटलं की नातं संपलं, पोरीच्या लग्नात उभं राहायलासुद्धा तो येणार नाही.

आणि येत्या रविवारी साठ गळके ह्याच खानावळीत जमणार होते, ताचोसकट. अल्बम लावायचा, जेवायचं, आणि अध्यक्षांनी उभं राहून चार शब्द बोलायचे. ते चार शब्द गोड असायला हवे होते. दोरायला तेच जड जात होतं. म्हणून आधी मनातलं ओकून टाकावं तसं तिने नवं खातं उघडलं, नाव ठेवलं 'आंबट मावशी', आणि फोटो लावला समोर दिसली त्या बाटलीचा.

एकदा लिहून थांबली असती तर बरं होतं. पण पोन्सो भांडायला उतरला, आणि त्यात भलतीच मजा होती. ती काउंटरवरून दोन ओळी लिहायची आणि मान वर करायची. गल्लीपलीकडे पोन्सोचा फोन वाजायचा, त्याचा डिंकाचा ब्रश हातातून सुटायचा आणि तो उभ्या उभ्या दोन्ही अंगठ्यांनी टाइप करायचा. "तुमचे यजमान तुम्हाला कसे सहन करतात?" असं त्याने विचारलं, तेव्हा तिने लिहिलं, "बिचाऱ्याला ऐकूच येत नाही." सहाशे जण हसले. त्या दिवशी पोन्सोने एका जोडाचे दोन्ही तळवे डाव्या पायाचे चिकटवले.

त्याच भरात बुधवारी तिने लिहून टाकलं: "सातव्या गाण्यात ड्रमचा ठोका जरासा मागे पडतो. सत्त्याण्णवच्या जत्रेत पडत होता तसाच, एक चप्पल गटारात गेल्यामुळे अनवाणी पायाने वाजवताना. पण तेव्हा बाकीचे त्याच्यासाठी थांबले होते."

गुरुवारी दुपारी पाचव्या पातेल्याचं झाकण उचललं गेलं आणि दोरायच्या हातातला डाव तसाच राहिला. हे झाकण ह्या हाताने गेल्या दोन वर्षांत उचललं नव्हतं.

"कुमारे," मागून ताचो म्हणाला, "जेवायला आहे ना काही?"

साठीला टेकलेला, पोट सुटलेला, केस मागे बांधलेला ताचो टेबलाशी बसला. पोन्सो कारखान्यातून डिंकाच्या हातांनीच पळत आला. आवाज ऐकून निंगही डोळे चोळत बाहेर आली आणि निनोंगचा हात उचलून तिने कपाळाला लावला. दोरायने वाढलं.

"व्हिनेगर दे ना," ताचो म्हणाला. तळलेल्या डुकरावर ओतलं. मग मुगावर ओतलं. मग भातावर. शेवटी गोड पुडिंगची वाटी पुढे आली, तर तिच्यावरही दोन थेंब.

"निनोंग, पोट बिघडलंय का?" निंगने विचारलं.

"छे. हल्ली आंबट आवडायला लागलंय."

दोरायने घाईने बाटलीला झाकण लावलं. पोन्सोला मात्र विषयच मिळाला. "आंबटावरून आठवलं, कुम्पारे. ती बया! तू वाचू नकोस हं तिचं. मी तिला असा सोलतोय..."

"पोन्सो," ताचो शांतपणे म्हणाला, "सत्त्याण्णवला माझी चप्पल गटारात गेली, ते तुला माहीत होतं?"

"कुठली चप्पल?"

"बघ, तुला माहीत नाही. मी कधी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती. स्टेजमागे फक्त एक बाई होती, पोटुशी. तिने स्वतःची चप्पल देऊ केली, पण मला ती लहान झाली."

खानावळीत कुणीतरी चमचा खाली ठेवला. निंगने टेबलावरची बाटली उचलली. टवका उडालेला गळा, हिरवं झाकण, झाकणाला अडकवलेलं गुलाबी रबर. तिने बापाच्या हातातला फोन ओढला आणि आंबट मावशीचा फोटो बाटलीशेजारी धरला.

"बाबा," ती म्हणाली, "रोज सकाळी हिला पुढ्यात घेऊन शिव्या देत होतात तुम्ही."

पोन्सोने बाटलीकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. मग बायकोकडे. "बिचाऱ्याला ऐकूच येत नाही?" तो म्हणाला. "सहाशे माणसं हसली, दोराय!"

"सहाशे बारा," दोराय म्हणाली, आणि ताचोकडे वळली. "रागावलास?"

"रागावलो तर. चांगला रागावलो. काल दिवसभर बायकोशी बोललो नाही." ताचोने बाटली परत जागेवर ठेवली. "आपला गाणारा विनिपेगला, गिटारवाला दुबईला. बेसवाल्याची पाठ गेलीय, तो घरातून हलत नाही. मी बायकोच्या कपाटात बसून वाजवलं, कुमारे. तिच्या झग्यांमध्ये, आवाज घुमू नये म्हणून. कानात तालयंत्राची टिकटिक, नाकात डांबरगोळ्या. एक्केचाळीस हजारांनी बदाम पाठवले. मी एकटा आहे हे एकीला ऐकू आलं." तो थांबला. "पण रविवारी गोड बोल. गाणारा फोनवर बघणार आहे. त्याने घर गहाण टाकल्यासारखा जीव लावलाय त्यात. तिथे नको."

"हो, गोडच बोल," पोन्सो घाईने म्हणाला. "आणि ते खातं बंद कर. कुणाला कळायला नको. माझी काय शोभा राहील?"

दोरायने ताटल्या गोळा केल्या, एकावर एक. फडक्याने टेबल पुसलं, ताचोच्या कोपरांखालचंसुद्धा, त्याला हात उचलायला लावून. मग तिने फडकं खांद्यावर टाकलं.

"रविवारी खानावळ बंद," ती म्हणाली. "टेबलं बाहेर गल्लीत, ड्रम आत. गाणारा ज्यात दिसेल तो फोन भिंतीवर टांगायचा, ताचोसमोर, तोंडाला तोंड. सातवं गाणं तुम्ही इथे वाजवणार, एकमेकांकडे बघत, चुकलात तर पुन्हा. त्याआधी भाषण मी करणार, आंबट मावशीने लिहिलंय तेच, माझ्या नावाने. आणि पोन्सो, मूग तू शिजवणार."