सिराजभाईंचं पातळ होल्स्टर

पिस्तुलाशी माझा आयुष्यात कधी संबंध आला नाही. मी नाशिकचा, शीतगृहातली यंत्रं सांभाळणारा साधा इंजिनिअर. तरी रियाधमधल्या एका रमजानात एक गृहस्थ मला दर दोन दिवसांनी कडकडून मिठी मारायचे आणि विचारायचे, "लागलं काय? खरं सांगा, कुठं लागलं?" त्यांच्या कमरेला लाकडाचं पिस्तूल असायचं. लागलं म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा आणि नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही. "भिडस्त हाय तुम्ही," म्हणायचे, आणि पुन्हा मिठी मारायचे.

हे सिराजुद्दीन. दाभोळच्या खाडीकाठचे, वय एक्कावन्न, त्यातली एकोणीस वर्षं सौदीत गेलेली. अल सुलैच्या गोदामांच्या वस्तीत माझ्या शीतगृहासमोरच त्यांचं वर्कशॉप होतं. अबू माजिद नावाचा सौदी मालक, तोच सगळ्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो जामीनदार. गणवेशवाल्यांना लागणारे पट्टे, बूट, पिशव्या असा माल तिथं बनायचा आणि शहरातल्या त्याच्या दुकानात विकला जायचा. होल्स्टर, म्हणजे कमरेला पिस्तूल अडकवायचं चामडी म्यान, मात्र फक्त सिराजभाईंनीच बनवायचं, हा तिथला अलिखित नियम होता.

गावाकडं त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मचवे आणि मासळी. चामड्याचा काही संबंधच नाही. सौदीत ते आले एका तबेल्यावर, घोडे धुवायला. तिथं एक म्हातारा येमेनी खोगीर शिवायचा. सिराजभाई आधी त्याला दोरा ओढून द्यायला लागले, मग आरी धरायला आणि पाच वर्षांनी अख्खं खोगीर करायला. त्या म्हाताऱ्यानं त्यांना एकच गोष्ट शिकवली असं ते सांगत. उभ्या घोड्याचं माप घ्यायचं नाही, चालत्या घोड्याचं घ्यायचं. होल्स्टरलाही त्यांनी तोच नियम लावला. बाहेरून येणारी तयार होल्स्टरं उभ्या माणसासाठी केलेली असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उभा माणूस काय, कपाटात टांगलेला शर्टसुद्धा उभाच असतो! इथला माणूस गाडीत बसतो, जमिनीवर मांडी घालून जेवतो आणि दिवसातून पाच वेळा सज्द्यात कपाळ टेकतो. तेव्हा जे टोचत नाही, ते होल्स्टर.

बनवलेलं प्रत्येक होल्स्टर ते स्वतः आठ दिवस वापरायचे. आत शिसं भरून वजन जमवलेलं लाकडी पिस्तूल. ते लावूनच ते आवारात उभ्या असलेल्या गाडीत बसून बघायचे, जेवायचे, नमाज पढायचे. मी त्यांना म्हणायचो, "सिराजभाई, एक दिवस तुम्हाला धरून नेतील आणि मी ओळख दाखवणार नाही." ते हसायचे. वर्कशॉपच्या बाहेर मात्र ते तसे कधी जात नसत. तेवढं भान त्यांना होतं.

२०१३ चं ते वर्ष. सौदीकरणाचा जोर होता. प्रत्येक आस्थापनेत ठरावीक सौदी माणसं हवीत, नाहीतर परदेशी माणसांचे इकामे अडकायचे. इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना; तो संपला की तुम्ही कुणीच नाही. रस्तोरस्ती तपासणी चालू होती. आमच्या कंपनीत तर रोज सकाळी कोण गेलं, कोण राहिलं याचीच चर्चा. अबू माजिदनं शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, सगळ्यांना बोलावून सांगितलं की चामड्याच्या कामावर दोन परदेशी आहेत, त्यातला एकच ठेवता येईल. दोघंही आपलेच, कुणाला जा म्हणू? मग त्यानंच तोड काढली.

त्या सुमारास एका बड्या माणसाच्या संरक्षणाला असलेला एक कॅप्टन दुकानात येत होता. त्याच्या तुकडीला साध्या कपड्यात राहावं लागायचं. पांढरा पातळ उन्हाळी तोब, म्हणजे त्यांचा तो पायघोळ झगा, आणि त्याखाली पिस्तूल. पिस्तूल कुणाला दिसता कामा नये, गळाभेट घेताना कुणाला लागता कामा नये. परदेशी होल्स्टरं त्यानं ढिगानं वापरून पाहिली होती. काही जाड, काहींच्या कडा फासळीत घुसायच्या, काळ्या रंगाची तर तोबमधून आरपार दिसायची. अबू माजिद म्हणाला, तुम्ही दोघं एकेक होल्स्टर करा. कुणाचं कुठलं ते कॅप्टनला सांगायचं नाही. तो दोन्ही वापरून निवडील. ज्याचं निवडलं, तो राहील.

ऐकायला कसं अगदी न्यायाचं! मला तेव्हा ते पटलंसुद्धा होतं, हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

दुसरा कारागीर होता उस्मान. तिशीचा, सिराजभाईंच्याच मोहल्ल्यातला. चार वर्षांपूर्वी सिराजभाईंनीच अबू माजिदच्या हातापाया पडून त्याचा व्हिसा काढून घेतला होता. खोलीही दोघांची एकच, वर्कशॉपच्या मागेच, आणि चूलही. हात बरा होता त्याचा, पण घाई फार. त्यातून त्याचा इकामा शाबानच्याही आधी, रजबमध्येच संपला होता आणि नवा काही येत नव्हता. "कफीलकडे अडकलाय," एवढंच तो सांगायचा आणि मान खाली घालायचा.

आता इकामा नसलेला माणूस बाहेर पडणार कसा? म्हणून मग सिराजभाई त्याचं सगळं बाहेरचं बघायला लागले. भाजी, औषध, मोबाईलचं रिचार्ज, त्याच्या बायकोला पाठवायची खोकी. रोजा धरलेला, बाहेर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस तापमान, आणि हे भर दुपारी पायी निघालेले. एकदा मी गाडी थांबवून त्यांना आत घेतलं तर ओठ पांढरे पडले होते.

"उस्मानला पाठवा की थोडं," मी वैतागून म्हणालो.

"आणि पकडला म्हंजे? पोरगी अडीच म्हयन्यांची हाय त्याची. अजून तोंड नाय बघितलंन तिचं."

"आणि तुमची दुआ?"

दुआ त्यांची मुलगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती शिकून उभी राहीपर्यंत दोन वर्षं इथं टिकायचं, एवढीच त्यांची मागणी होती. परत जायला ते घाबरत नव्हते. पण परत जाऊन करायचं काय, हा प्रश्न होता. "दाभोळात होल्स्टर कोण घेणार, कोळंबी?" असं ते गमतीत म्हणायचे खरे, पण त्यात गंमत फार नव्हती. हातातली एकमेव विद्या, आणि तिला गावात गिऱ्हाईक नाही.

रमजान सुरू झाला आणि काम सुरू झालं. सिराजभाईंनी बकऱ्याचं चामडं घेतलं, दुधाळ रंगाचं, म्हणजे पांढऱ्या कपड्याखाली सावली पडणार नाही. रापीनं ते कडांना इतकं तासलं की बोटात धरलं तर कागदासारखं लवावं. पिस्तूल आणि अंगाची कातडी यांच्यामध्ये चामड्याची एक जिभेसारखी पट्टी ठेवली, घाम लोखंडाला लागू नये म्हणून. आणि मग त्यांची खरी खुबी. चामडं ओलं करून ते लाकडी पिस्तुलावर बसवायचं आणि ओलं असतानाच स्वतःच्या कमरेला बांधून अख्खी दुपार वावरायचं. बसायचं, उठायचं, वाकायचं, सज्दा करायचा. वाळता वाळता ते कमरेचा बाक धरतं. टेबलावर वाळवलेलं होल्स्टर टेबलासारखंच होतं, असं ते म्हणायचे.

ही खुबी इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्या रमजानात त्यांनी ती उस्मानला सांगितली.

मी समोरच होतो. चहाची सोय नव्हतीच, नुसताच बसलो होतो. उस्मानचं होल्स्टर टेबलावर पंख्याखाली वाळत होतं. सिराजभाईंनी ते उचललं, पुन्हा पाण्यात बुडवलं आणि त्याच्या कमरेला स्वतःच्या हातांनी बांधलं.

"असाच फिर आसरच्या नमाजपर्यंत. सोडू नको. टोचेल तिथं बोट ठेव, तिथं मी तासून देतंय."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर खेकसलो. "अहो, हा सामना आहे! तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

"अरविंदभाऊ, त्याला उघड्यावर टाकून मी जिंकू कसा? दोघांचा माल चांगला होऊ दे. मग अल्ला ज्याला ठेवील तो राहील."

त्याच दिवसांत अबू माजिदनं सिराजभाईंना आणखी एक काम सांगितलं. मोठी ऑर्डर येण्याचा संभव आहे, तेव्हा सगळ्या मापांचे पत्र्याचे फर्मे कापून ठेव. सिराजभाईंनी तेही केलं. सात मापं, प्रत्येकावर टाक्यांच्या खुणा, कुठं किती तासायचं ते आकड्यांनी लिहिलेलं. आजवर हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. आता ते भिंतीवर खिळ्यांना टांगलं गेलं.

ईदच्या चार दिवस आधी कॅप्टन आला. दोन्ही होल्स्टरं त्यानं पाच-पाच दिवस वापरली होती. एक टेबलावर ठेवलं, चांगलं आहे म्हणाला. दुसरं त्यानं काढलंच नव्हतं, अंगावरच होतं. तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या, लांबलचक नमाजात उभा राहिलो आणि हे अंगावर आहे तेच विसरलो, असं त्यानं सांगितलं. अबू माजिदनं त्याला मिठी मारून पाहिलं आणि खुशीनं हात वर केले. तोबखाली होतं ते सिराजभाईंचं.

त्या दिवशी सिराजभाईंनी रस्ता ओलांडून येऊन मला मिठी मारली. त्यांच्या कमरेला काही नव्हतं. ते रडत होते. आनंदानं म्हणावं तर तसंही नाही, कारण लगेच म्हणाले, "आता उस्मानचा काय करूया?"

ईद झाली. शव्वालच्या पहिल्या आठवड्यात अबू माजिदनं सिराजभाईंना बोलावलं, गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, पाजला, खजूर पुढं केले, दोन्ही गालांना गाल लावले आणि सांगितलं की तुझं एक्झिट लावतोय. कायमचं. निवड झाली ती होल्स्टरची. होल्स्टर तर आता फर्म्यात आहे आणि उस्मानला ते येतं. उस्मान तरुण आहे, वीस वर्षं करील. तू थकलायस, घरी जा, मुलीला भेट. खलास.

हे मला सांगताना सिराजभाईंनी अबू माजिदला एक वाईट शब्द वापरला नाही. मी वापरले, मराठीत, भरपूर. ते म्हणाले, "जाऊ दे. एकाचा तरी राहिला. पोरगी लहान हाय त्याची." आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे उस्मानची भाजी आणायला निघाले, कारण त्याचा नवा इकामा अजून आला नव्हता.

आठवड्याभरात उस्मान तापानं फणफणला. घरगुती उपाय झाले, ताप हटेना. सिराजभाई माझ्याकडं धावत आले, तुमची गाडी काढा म्हणाले. "तपासणीत अडकलो तर मी सांगेन, माझाच धाकटा भाव हाय, जबाबदारी माझी." एक्झिट लागलेला माणूस दुसऱ्याची जबाबदारी घेत होता! आम्ही त्याला मागच्या सीटवर आडवा केला आणि जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं.

खिडकीतल्या कारकुनानं इकामा मागितला. सिराजभाई त्याला हिंदीत, अरबीत, हात जोडून समजवायला लागले, की कागद कफीलकडं आहेत, माणूस आजारी आहे, नाव तेवढं लिहून घ्या. उस्मान बाकावर डोळे मिटून बसला होता. कारकून काही ऐकेना. शेवटी तो आवाज चढवून म्हणाला की इकामा नसेल तर घेऊन जा याला.

तेव्हा उस्माननं खिशात हात घातला आणि कार्ड काढून दिलं.

तापात होता, भानावर नव्हता, असं मला वाटलं. तसं नव्हतं. तो भानावर होता. त्याला फक्त डॉक्टर हवा होता. कारकुनानं कार्ड पाहिलं, ठीक आहे म्हणाला आणि वहीत उतरवताना मोठ्यानं वाचलं. नाव, व्यवसाय, तारीख. नूतनीकरण, रजब.

रजबनंतर शाबान, शाबाननंतर रमजान. सामना ठरला त्याच्याही आधी याचा इकामा झालेला होता. कॅप्टन काय निवडतो याच्याशी कशाचाही संबंध नव्हता. सिराजभाईंच्या हातून एक उत्तम नग आणि सगळे फर्मे काढून घ्यायचे होते, ते अबू माजिदनं काढून घेतले. आणि हा शहाणा अडीच महिने खोलीत पंख्याखाली बसून भाजी मागवत होता. माझं डोकं सणकलं. त्याचा ताप पाहून हात आवरला, नाहीतर तिथंच दोन ठेवून दिल्या असत्या.

सिराजभाई मात्र सावकाश बाकापाशी गेले आणि त्याच्या शेजारी बसले.

"तुला कधी कळला?"

"रजबातच. अबू माजिदनी सांगितलेलं, कोणाला बोलू नको, नायतर तुझा पण रद्द करीन."

"मी उन्हातून जायचो तुझ्यासाठी. रोजा धरून."

उस्माननं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"पाण्यात बुडवायची खुबी दिली तुला."

"म्हणूनच नाय सांगितलं, सिराजभाय," उस्मान रडायला लागला. "माझं पक्कं झालंय असं सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं नसतंत. मग मी काय केलं असतं इथं राहून? मला कुठं येत होतं काय?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला सिराजभाईंच्या चेहऱ्यावर राग दिसला.

"शिकवलं असतं रे," ते म्हणाले. "तुला हाताला धरून शिकवलं असतं. चार वर्षं एका ताटात जेवलास माझ्याबरोबर, आणि तेवढा पण ओळखला नाय मला?"

आतून उस्मानचं नाव पुकारलं. तो उठायला लागला आणि सवयीनं त्यानं आधारासाठी सिराजभाईंच्या खांद्याकडं हात केला. सिराजभाई बाजूला झाले. भिंतीला धरत धरत तो एकटाच आत गेला.

"चला, अरविंदभाऊ," ते मला म्हणाले.

"आणि याला परत कोण नेणार?" एवढं होऊनही माझ्या तोंडून गेलं.

"टॅक्सी करून येईल," सिराजभाई दाराकडं जात म्हणाले. "इकामा हाय त्याच्याकडं."