चूक दिसली तर कोण टोकतं

खटकचिंचोळीची शिवगंगाअक्का अठ्ठावीस वर्षं कलबुर्गीला आमच्या कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. तिच्या सुईला शीर सापडली नाही असा पेशंट मी पाहिला नाही, आणि तिच्या जिभेपुढे टिकलेला वॉर्डबॉयही नाही. गुडघे गेले तसं तिला काचेमागच्या खोलीत माझ्या शेजारी बसवलं. मी व्यंकट. शिकाऊ डॉक्टरांच्या सरावासाठी एक पुतळा आहे, त्याला मी कॉम्प्युटरवरून श्वास घ्यायला लावतो. अक्का कागदावर गुण देते: कोण नीट सांगतं, कोण ऐकतं, चूक दिसली तर कोण टोकतं.

त्या मंगळवारी शिकाऊ डॉक्टर हर्षिताची या परीक्षेची दुसरी खेप होती. नापास झाली तर आणखी सहा महिने शिकाऊच राहणार. टीमचे प्रमुख म्हणून खुद्द कॅज्युअल्टीचे मोठे डॉक्टर सुधींद्र उभे राहिले. ॲलर्जीने धापा टाकणाऱ्या पुतळ्याला अर्धा मिली इंजेक्शन द्यायचं. त्यांनी परीक्षा म्हणून मुद्दाम पाच मिली सांगितलं, दहापट. हर्षिता थबकली, त्यांच्याकडे पाहिलं, "व्हय सर" म्हणाली आणि एकेक करत एक-एक मिलीच्या पाच कुप्या फोडल्या.

"कळलं होतं ना? मग कामून गप्प बसलीस?" नंतर सगळ्यांना बसवून डॉक्टरांनी विचारलं.

"मोठ्यांनी सांगितलेलं परत विचारलं की घरात म्हणतेत, उलटून बोलायलीस." मग ती अक्काकडे वळली. "अक्का, तुमी असता तर बोलला असता का?"

सोळा वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी घाईत एका पेशंटला अशीच जास्तीची मात्रा सांगितली होती. अक्काला चूक दिसली होती, तरी तिने टोचलं, आणि मादन हिप्परग्याचा तो माणूस गेला. हे तिने फक्त मला सांगितलंय. हा सराव डॉक्टरांनी कुठून काढला ते मला कळत होतं. डॉक्टर आता टेबलाकडे बघत होते. अक्काने खरं सांगावं तर त्यांचं आणि तिचं दोघांचं जुनं उघडं पडणार. न सांगावं तर ही पोर एकटीच गुन्हेगार.

"बोलले असते," अक्का म्हणाली.

तिने हर्षिताच्या कागदावर टोकण्याच्या रकान्यात शून्य लिहिलं. मला तिचा राग आला, त्याहून जास्त माझा, कारण मीही एक शब्द काढला नाही. हर्षिता उठली, "चुकलं माझं, अक्का," म्हणाली आणि तिच्या पाया पडली.