एसीची दुमडलेली नळी
बाळांनो, तुमच्या गाडीत एसी लावला की कुबट वास येतो, असं परवा फोनवर म्हणालात, म्हणून हे लिहिते.

ऐंशीच्या दशकात आम्ही नाशकात गाडीला एसी बसवून घेतला, तो माझ्या सासूबाईंसाठी. त्यांना दमा होता आणि सिन्नरला आजारी भावाकडे जाताना रस्त्यावरची धूळ सोसत नसे. पण महिन्याभरात एसीला बुरशीचा वास येऊ लागला. धुऊन घेतला की वास जाई, आठवड्यात परत येई. खोकून खोकून त्यांनी सिन्नरला जाणंच सोडलं.

शेवटी मेकॅनिकने पायाखालची सतरंजी उचलली. "वहिनी, एसीचं पाणी बाहेर जाणार कुठून? नळी दाबली गेलीय!"

ती लोंबणारी नळी मीच नीट दुमडून सतरंजीखाली सारली होती.

सासूबाई म्हणाल्या, "आमची सून टापटिपीची हो! पाण्यालासुद्धा शिस्त लावते."

मेकॅनिकने नळी सरळ करून बाहेर सोडली, आणि त्या रविवारी त्या सिन्नरपर्यंत एकदाही खोकल्या नाहीत. भावाशेजारी बसून पोटभर जेवल्या.

ती गाडी आता नाही. घर जवळ आलं की गारवा बंद करून, आतली ओल सुकावी म्हणून थोडा वेळ नुसता पंखा चालू ठेवायचा, ही मेकॅनिकने लावलेली सवय मला अजून आहे.