पाच नंबर, ठीक

माझी मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ठिकठिकाणची मशिनं चालू आहेत का हे सारखं विचारत राहायचं आणि उत्तर आलं नाही की धावायचं, हे तिचं काम. मी म्हटलं, बाई, हे मी एकाहत्तरच्या सुमारास बेलापूरच्या बाजूला केलंय.

तेव्हा मी कालव्याच्या ऑफिसात कारकून होतो. कालव्यावर सात चौक्या, प्रत्येकीत पाणी मोजणारा एकेक माणूस, आणि सगळ्यांत मिळून फोनची एकच तार. सकाळी आठला मी हँडल फिरवलं की सातही चौक्यांत घंटी वाजायची आणि ओळीने उत्तरं यायची. एक नंबर, पाणी तीन फूट, ठीक. दोन नंबर, ठीक. वर्षभरात माझ्या वहीतला एकही रकाना रिकामा राहिला नव्हता. त्यावरून मी बाकीच्या कारकुनांसमोर नाकाने कांदे सोलत असे.

एकदा असंच सगळ्यांचं ठीक लिहून मी फोनचे नवे सेल द्यायला सायकलवर निघालो. पाचव्या चौकीचं दार सताड उघडं, आत कोणी नाही. हाक मारली तर खालच्या कोरड्या चारीतून कण्हणं ऐकू आलं. चौकीवरचा म्हातारा भरावावरून घसरून पडला होता. पाय मोडलेला, ओठ फुटलेले. परवापासून तिथेच होता. दोन तासांपूर्वीच मी त्याचं ठीक लिहिलं होतं.

"घंटी वाजायची आन् बंद व्हायची," तो म्हणाला. "वाटायचं, आता कोनतरी येईल."

बैलगाडीने त्याला दवाखान्यात पोचवून मी चौथ्या चौकीवर गेलो. शेजारचा बाजाराला किंवा घरी गेला की त्याचं उत्तर आपण द्यायचं, ही तिथली रीतच होती. म्हातारा घरी गेला असेल असं समजून चौथ्याने त्याला सांभाळून घेतलं होतं. मी नको नको ते बोललो.

"सायब, तुमी नंबर इचारता," तो म्हणाला. "मानसाला कवा इचारलं?"

म्हातारा वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला.

उत्तर त्याच मशिनाने दिलं हे कसं कळतं, असं मी मुलीला विचारलं. ती समजावत होती, पण माझं लक्ष नव्हतं. वर्षभर रोज फोनवर ऐकलेला म्हाताऱ्याचा आवाज मी आठवू पाहत होतो. मला फक्त चारीतला आठवतो.