कटआऊटातल्या मुंग्या

माझे दाजी, गुरुलिंग, सोलापुरात मोटरसायकली दुरुस्त करायचे. गिरणीच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड हुती. मी शाळा सोडली तवा घरात सगळ्यांनी शिव्या घातल्या, दाजींनी नुसता पाना हातात दिला. म्हणून त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगतो.

मंगळवेढ्याकडच्या गावांना जाणाऱ्या एका डॉक्टरची गाडी दुरुस्तीला आमच्याकडंच यायची. गुरुलिंगशिवाय ह्या गाडीला कुणी हात लावायचा न्हाय, असं त्यो चार माणसांत बोलायचा. त्या बोलण्यावरच बाकीची गिऱ्हाइकं यायची.

एका साली दिवाळीनंतर अक्का तापानं गेली. अक्का म्हंजे महादेवी, माझी थोरली बहीण, दाजींची बायको. दाजी कुणापुढं रडले न्हायत. शेड उघडली आन कामाला लागले.

मग डॉक्टरच्या गाडीचा दिवा मरायला लागला. इंजन चालायचं, पण अंधार पडला की दिवा पिवळा पडून विझायचा. दाजींनी बॅटरी भरून दिली. थोड्या दिसांनी पुन्यांदा तेच. मग डॉक्टर गाडीसकट नाल्यात गेला आन कपाळाला पट्टी बांधून आला. म्हणला, "गुरुलिंग, तुझं मन ठिकाणावर नाही, ते मला कळतं. पण उद्या संध्याकाळी दिवा लागला नाही, तर गाडी दुसरीकडं नेईन."

सकाळी दाजींनी बॅटरीचा नाद सोडला. डायनामोच्या तोंडाशीच बल्ब जोडला आन मला इंजन चालू करायला लावलं. बल्ब लख्ख लागला. म्हंजे डायनामो वीज करत हुता. तारा बोटांनी चाचपल्या, कुटं तुटल्या न्हवत्या. तरी बॅटरीत वीज जाती का ते दावणारा दिव्यावरचा काटा जागचा हलत न्हवता.

"वीज हाय, पण बॅटरीपर्यंत पोचत न्हाय," दाजी म्हणले.

मधी एकच दार, कटआऊट. डायनामो फिरला की आतले दोन पत्रे चिकटतात आन वीज बॅटरीकडं जाती. डायनामो थांबला की सुटतात, न्हायतर वीज माघारी पळती. त्या काळ्या डबीवर मुंग्यांची रांग लागलेली. दाजी दरवेळी फडक्यानं झटकायचे. आज झटकली न्हाय, कुटं जाती ते बघत बसले. सैल झाकणाखालनं ती आत शिरत हुती.

झाकण काढलं. दोन्ही पत्र्यांच्या मधी मुंग्या चेंगरून मेल्या हुत्या, थरावर थर. खाली काहीतरी चिकट वाळलेलं, त्यात लाल कुंकू.

दोघांनाबी कळलं. खंडेनवमीला अक्कानं हत्यारं पुजली हुती. डॉक्टरची गाडी शेडमधीच उभी, तिलाबी हळदकुंकू लावलं आन नारळ हँडलावरच फोडला, पाणी खाली गळलं. मी हसलो, तर म्हणली, ही गाडी आजाऱ्यांकडं जाती, हिला गोड पाजाय नको व्हय?

दाजींनी डबी सोडवून हातात घेतली. मग रॉकेलचा फडका घेतला. मुंग्या पुसल्या, चिकट पुसलं, कुंकूबी पुसलं. पत्रे घासले. गाडी चालू केली, काटा हलला.

संध्याकाळी डॉक्टर आला. दिवा बघितला, काय झालं हुतं ते इचारलं. दाजींनी नारळाचं पाणी न् मुंग्या, सगळं सांगितलं.

"मशीनवर नारळ? कुणी फोडला?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार हुतो, माझं मलाच ठाव न्हवतं.

"मी," दाजी म्हणले.

 डॉक्टर गाडीवर बसला आन गेला. पुन्यांदा आला न्हाय. चार माणसांत आता, गुरुलिंग मशीनवर नारळ फोडतो, असं बोलायला लागला. शेडम्होरं गाड्या थांबायच्या कमी झाल्या.

मी दाजींशी भांडलो. म्हणलं, खरं सांगितलं असतं तर अक्काचं आता काय बिघडणार हुतं?

"तिला आता आपली बाजू सांगता येत न्हाय रं," दाजी म्हणले. "आन झाकण मी सैल ठेवलं हुतं. तिनं पूजाच केली की."



अजून दिवस मावळला की डॉक्टर कवाकवा शेडवरनं जातो. आवाज आला की दाजी पाना थांबवतात. दिवा लख्ख जळतोय का तेवढं बघतात, आन परत खाली मान घालतात.